ऐकू येणारा पडदा

वागळे इस्टेटमधली आमची कंपनी बंद झाली त्या शनिवारी मालकांनी आधी सगळ्यांना चहा पाजला आणि मग सांगितलं. आम्ही नऊ जण होतो. टेलिफोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवणारे मोडेम आम्ही जुळवायचो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर परदेशी मोडेम बाजारात आले, आमच्यापेक्षा लहान आणि कितीतरी वेगवान. वर्षभरात आमच्या पत्र्याच्या पेट्यांना कुणी विचारेना. मालक वाईट नव्हते. प्रत्येकाला एकेक मोडेम त्यांनी घरी न्यायला दिला. तो घेऊन काय करायचं हे आमच्यातल्या सात जणांना कळलं नसणार. मला आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला कळलं.

मी प्रोग्राम लिहायचो आणि तो सर्किटं बघायचा. मी कल्याणच्या चाळीतला. वडील आंबिवलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, रविवारी विहारात पोरांना गणित शिकवायचे. तो ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याच्या वडिलांनी खाडीत मासळी मिळेनाशी झाल्यावर होडी विकली होती आणि त्यानंतर दोनच वर्षांत ते गेले. घरात तो आणि आई. आमच्या दोघांच्याही घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस आम्हीच. त्यामुळे असेल, पण कंपनीत आमचं पहिल्या आठवड्यापासून जमलं.

त्याचं एक वेगळंच होतं. दोन मोडेम एकमेकांना जोडले जाताना जी किरकिर आणि शिट्टी ऐकू येते, ती ऐकून तो लाईनीत कुठे काय बिघडलंय ते सांगायचा. यंत्र लावून तपासलं तर बहुतेक वेळा त्याचंच खरं निघायचं. मी त्याला म्हणायचो, तुझे कान विकत देतोस का? तो म्हणायचा, तू तुझी बोटं दे, मग बघू.

कंपनी बंद झाल्यावर आम्ही डोंबिवली पूर्वेला माझ्या मावशीच्या ब्लॉकमधली बाहेरची खोली कामाला घेतली. मावशीला एकटीला तीन खोल्या जास्त होत्या आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे फोन होता. एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी कॉम्प्युटरवर लिनक्स हे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर घातलं. ते फुकट होतं आणि त्याच्या पोटात काय आहे ते उघडून वाचता येत होतं. माझ्यासारख्या माणसाला ते म्हणजे भर बाजारात दुकान उघडं टाकून मालक निघून गेल्यासारखं वाटलं. मी दोन महिने नुसता वाचत बसलो. पुस्तकं मिळत नव्हती, विचारायला कुणी नव्हतं. एखादी गोष्ट कळली नाही तर ती कळेपर्यंत करून बघायची, एवढाच मार्ग होता. शुक्रवारी दिवसाची वीज जायची तेव्हा आम्ही कागदावर प्रोग्राम लिहायचो आणि वीज आली की टाईप करायचो. एमआयडीसीकडून वारा आला की खिडकी बंद करावी लागायची, नाहीतर त्या वासाने मावशीला ओकारी यायची.

आम्ही जे करत होतो ते साधं होतं. आमच्याकडच्या फोन लाईनी मधेच तुटायच्या. एखादी मोठी फाईल पाठवताना लाईन तुटली की सगळं पहिल्यापासून. आमचा प्रोग्राम फाईलचे तुकडे करायचा, प्रत्येक तुकडा पोचला का ते विचारायचा, आणि लाईन तुटली तर पुन्हा डायल करून राहिलेल्या तुकड्यापासून सुरुवात करायचा. असले प्रोग्राम जगात होते. पण ते बऱ्या लाईनींसाठी लिहिलेले होते. आमचा कल्याण-डोंबिवलीच्या लाईनींसाठी होता. पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या केबलवरूनसुद्धा तो रडतखडत का होईना, काम पुरं करायचा.

ठाण्यात एक पॅथॉलॉजिस्ट बाई होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची लॅब ठाण्यात आणि रक्त गोळा करायची केंद्रं कल्याणला आणि आंबिवलीला. सकाळी रक्ताच्या बाटल्या घेऊन एक माणूस ठाण्याला जायचा आणि दुसऱ्या दिवशी बाटल्या आणायला जाताना आदल्या दिवसाचे रिपोर्ट परत न्यायचा. कल्याण केंद्रासाठी आमचा प्रोग्राम त्यांनी घेतला. रिपोर्ट त्याच दुपारी कल्याणला छापून मिळायला लागले. तीन महिन्यांनी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि आंबिवलीचं विचारलं. आंबिवलीच्या केंद्रात फोन नव्हता. नंबर लावून चार वर्षं झाली होती.

मी म्हटलं, फोन नाही तर मॅडम, आम्ही काय करणार?

त्यांनी एक हकिगत सांगितली. मागच्या पावसाळ्यात आंबिवलीहून एका कामगाराचं रक्त आलं होतं. मलेरियाचा वाईट प्रकार होता, त्यांनी दुपारी तीन वाजता स्लाईड बघितली तेव्हाच ओळखला. रिपोर्टवर लाल पेनाने खूण केली. कुणाला तरी सांगायचं म्हणून त्यांनी आंबिवलीच्या एका दुकानाचा फोन नंबर शोधून काढला, तो लागला नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोचला. माणूस नऊ वाजता गेला होता. आवाज न चढवता त्यांनी हे सांगितलं आणि टेबलाच्या खणातून एक मोबाइल हँडसेट काढून आमच्यासमोर ठेवला. त्यांच्या भावाने दिलेला होता. त्या म्हणाल्या, "याच्यातून आवाज जातो तर अक्षरं का जाणार नाहीत?"

जाऊ शकत होती. हँडसेटला कॉम्प्युटरशी जोडणारी केबल मिळत होती, मोबाइल कंपनीकडून वेगळी सेवा सुरू करून घ्यावी लागत होती, आणि वेग आमच्या जुन्या मोडेमइतकाच कमी होता. पण लिनक्ससाठी तयार असं काही मिळेना. हँडसेटशी कसं बोलायचं हे आम्हाला स्वतःच शोधून काढावं लागलं. सहा आठवडे गेले. तो केबलवरून काय येतंय-जातंय ते पकडायचा, मी त्याचा अर्थ लावायचो. ज्या दिवशी मावशीच्या खोलीत हँडसेटवरून ठाण्याचा पहिला रिपोर्ट आला, त्या दिवशी मावशीने शिरा केला. आमच्या चांगल्या दिवसांतला तो शेवटचा, पण तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

आंबिवलीत सिग्नल नव्हता. केंद्र तळमजल्यावर होतं, तिथे हँडसेट मेलेला. स्टेशनाच्या पुलावर थोडा यायचा. केंद्राच्या इमारतीच्या गच्चीवर एका कोपऱ्यात, कठड्याला टेकून धरला तर चांगला यायचा. म्हणून हँडसेट गच्चीवर प्लास्टिकच्या डब्यात ठेवायचा आणि तिथून केबल खाली कॉम्प्युटरपर्यंत आणायची असं ठरलं. एवढ्या लांब केबलीत सिग्नल मरतो, म्हणून त्याने मधे जोडायची एक छोटी सर्किटची डबी बनवली. ती बनवायला त्याला फार वेळ लागला. पूर्वी जे तो एका दिवसात करायचा त्याला दहा दिवस लागले आणि दोनदा उलटं जोडलं. मी चिडलो होतो, पण बोललो नव्हतो.

बसवायच्या दिवशी आम्ही दुपारी गच्चीवर होतो. भादव्यातलं ऊन, मधेच ढग. मी कोपऱ्यात डब्याला भोकं पाडत होतो. त्याच्या हातात हँडसेट होता. मी म्हटलं, दे इकडे. तो आला, आणि पायाखाली पाण्याच्या पाइपाचा जाडजूड तुकडा पडला होता त्याला अडखळला. अगदी समोर नव्हता तो, जरासा बाजूला होता. तो पडला नाही, कठड्याला धरून सावरला. पण हँडसेट हातातून सुटला, कठड्यावर आपटला आणि खाली रस्त्यावर गेला.

मी वाकून बघितलं. त्याचे दोन तुकडे झाले होते आणि एक रिक्षा त्यातल्या एकावरून गेली.

मी म्हटलं, "डोळे फुटलेत का तुझे?"

आपल्याकडे हे कुणीही कुणालाही म्हणतं. आई मुलाला म्हणते, बसमधला माणूस पायावर पाय पडला तर म्हणतो. मी तेवढ्यावर थांबलो नाही. म्हटलं, महिनाभर बघतोय, तुझं लक्ष कुठे असतं? सर्किट उलटं जोडतोस, काल चहा कीबोर्डवर सांडलास, तुला करायचं नसेल तर सांग, मी दुसरा माणूस बघतो. आणखीही बोललो. केंद्रातली बाई आवाज ऐकून जिन्यात येऊन उभी राहिली.

त्याने आपली अवजारांची पिशवी हातांनी चाचपून उचलली आणि कठड्याला हात लावत लावत जिन्याकडे गेला. तो रुसलाय असं मला वाटलं. खाली जाऊन मी तुकडे गोळा केले.

चार दिवस तो डोंबिवलीला आला नाही. पाचव्या दिवशी मी कोळीवाड्यात गेलो. माफी मागायला गेलो होतो असं म्हणता येणार नाही. काम अडलं होतं म्हणून गेलो.

त्याची आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तो घरात नव्हता, बहिणीकडे गेला होता. मी उभ्या उभ्याच तिला म्हटलं, काकी, तो रागावलाय का? तिने निवडायचं थांबवलं. म्हणाली, "तुला म्हाईत नाय? त्याला कडंचा काय दिसत नाय, बाबा. समोरचा दिसते तेवराच. आता तोबी कमी झालाय."

मी ओट्यावर बसलो.

तिने सांगितलं ते असं. दोन-अडीच वर्षं चाललं होतं. आधी संध्याकाळ झाली की दिसेना, मग दिवसासुद्धा बाजूचं दिसेना. तिच्या भावाचं असंच झालं होतं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवून झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा पडद्याचा आजार आहे, डोळ्याच्या आतल्या, आणि याला औषध नाही. कंपनीत कळलं तर काढून टाकतील म्हणून त्याने तिला कुणाला सांगू दिलं नाही. कंपनी गेल्यावर म्हणाला, आता त्याला सांगितलं तर तोही सोडून जाईल.

तो म्हणजे मी.

तिथे बसल्या बसल्या मला एकेक गोष्ट कळत गेली. अडीच वर्षं रस्त्याने चालताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. मला ती दोस्ती वाटायची. सायकल त्याने भाच्याला देऊन टाकली होती, गुडघा दुखतो म्हणून. पाच वाजले की आईचं कारण सांगून घरी निघायचा. स्टुलावर आदळायचा आणि स्वतःच हसायचा. मी रोज आठ तास त्याच्यापासून हातभर अंतरावर बसत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

तो आला तेव्हा मी माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ दे रे, तुला काय माहीत. मग आम्ही खाडीकडच्या बाजूला जाऊन बसलो. मी त्याला विचारलं की आता किती दिसतं. तो म्हणाला, तुझ्याकडे बघतो तेव्हा तुझं नाक आणि तोंड दिसतं, कान दिसत नाहीत. पडद्यावरची एक ओळ बघायला डोकं फिरवावं लागतं. वर्षभर जाईल, फार तर दीड, मग तेही नाही. हे सगळं त्याने सर्किटाबद्दल सांगावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाला, "एक काम करशील? मला पडदा वाचून दाखवणारं काहीतरी बनव. मला ऐकू येतं ना. मी ऐकून काम करीन."

मी हो म्हटलं. शपथ घेतल्यासारखं म्हटलं.

पॅथॉलॉजिस्ट बाईंना मी जाऊन हँडसेटचं खरं काय ते सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की त्याला कुणाला दाखवलंय, आणि हॉस्पिटलचं नाव ऐकून मान हलवली. पंधरा दिवसांनी त्यांनी दुसरा हँडसेट दिला आणि गच्चीवर बसवताना सांभाळा म्हणाल्या. तो मी एकट्याने बसवला. आंबिवलीला रिपोर्ट जायला लागले. कधी दिवसात तीनदा सिग्नल जायचा, पण तिथला प्रोग्राम ठाण्याला पुन्हा पुन्हा फोन लावायचा आणि उरलेलं मागून घ्यायचा. त्या मोसमात दोघांना तरी वेळेत औषध मिळालं असं बाई म्हणाल्या.

पडदा वाचायचा प्रोग्राम मी हिवाळ्यात सुरू केला. लिनक्समध्ये एक सोय होती. काळ्या पडद्यावर जी अक्षरं दिसतात ती एखाद्या फाईलसारखी वाचता येतात. म्हणजे कुठल्या ओळीत कुठलं अक्षर आहे ते प्रोग्रामला कळू शकतं. प्रश्न आवाजाचा होता. बोलणारी यंत्रं परदेशात मिळत होती, आमच्या आवाक्यात नव्हती. मी एक सेकंडहँड साउंड कार्ड आणलं आणि माइकसमोर बसून एकेक अक्षर, एकेक अंक, एकेक चिन्ह माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं. नेहमी लागणारे दोनशे-अडीचशे शब्द अख्खे रेकॉर्ड केले. मावशीला पंखा बंद करायला लावला आणि दोन दिवस खोलीत बसून मी एबीसीडी म्हणत होतो. शेजारची मुलं खिडकीतून बघून हसायची.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा त्याने पडद्याकडे पाठ केली आणि ऐकत बसला. प्रोग्राम एकेक अक्षर माझ्या आवाजात म्हणत होता, मधे मधे एखादा शब्द अख्खा. ऐकायला फार विचित्र होतं. पण त्याने दहा मिनिटांत फाईल उघडली, त्यातली चूक शोधली आणि दुरुस्त केली. मग म्हणाला, वेग वाढव. मी वाढवला. आणखी वाढव म्हणाला. शेवटी इतका वाढवला की मला माझाच आवाज कळेना, आणि त्याला सगळं कळत होतं.

एक दोष राहिला होता. पडदा भराभर वर सरकला की प्रोग्रामचा गोंधळ व्हायचा. तो एकाच ओळीवर अडकायचा आणि तीच ओळ म्हणत राहायचा. मग बंद करून पुन्हा सुरू करावा लागायचा. मी आठवडाभर शोधलं, सापडलं नाही. त्याला म्हटलं, पुढच्या आवृत्तीत करतो.

त्याच सुमाराला मला बोलावणं आलं. दोन हजार साल येणार होतं आणि जगभरातल्या जुन्या प्रोग्राममधल्या तारखा बिघडणार होत्या. ते दुरुस्त करायला माणसं गाड्या भरभरून परदेशी चालली होती. आमच्या जुन्या कंपनीतल्या एकाने माझं नाव दिलं होतं. घरच्यांनी आग्रह केला, वडिलांना दम लागायला लागला होता, असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगत आलो. वडिलांना दम लागत होता हे खरं. पण ते मला जा म्हणाले नव्हते. उलट विचारलं होतं, मग त्या पोराचं काय? मला जायचं होतं. डोंबिवलीच्या त्या खोलीचा, लाईनी तुटण्याचा, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांचाही मला कंटाळा आला होता. रोज जरा कमी दिसणाऱ्या माणसाजवळ बसणं सोपं नसतं. मी ते फक्त चार-पाच महिने केलं.

त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, जा, अशी संधी परत येत नाही. मी म्हटलं, सहा महिन्यांत येतो, तिकडून तो दोष दुरुस्त करून फ्लॉपी पाठवतो. कॉम्प्युटर, मोडेम आणि साउंड कार्ड मी त्याच्या घरी नेऊन लावून दिलं. त्याच्या आईने टेबलावर चादर घातली होती.

सहा महिन्यांचे चौदा झाले. तिकडे आम्ही एका गोदामासारख्या हॉलमध्ये दीडशे माणसं बसून दोन आकडी सालं चार आकडी करत होतो. संध्याकाळी डोकं चालायचं नाही. त्याची फाईल मी बरोबर नेली होती. दोनदा उघडली. पहिल्या वेळी तासभर बसलो, दुसऱ्या वेळी पाच मिनिटं. फ्लॉपी पाठवली नाही. सुरुवातीला महिन्यातून एकदा त्याच्या शेजाऱ्यांकडे फोन करायचो, तो यायचा, बरं चाललंय म्हणायचा. दोषाबद्दल त्याने कधीच विचारलं नाही. मग मलाच फोन करायची लाज वाटायला लागली आणि मी तो बंद केला.

परत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात कोळीवाड्यात गेलो. घरात आई होती. टेबल होतं, कॉम्प्युटर नव्हता. तिने मला पाणी दिलं आणि बसून सगळं सांगितलं. मी गेल्यावर तो रोज सकाळी नऊपासून यंत्रासमोर बसायचा. पाच महिन्यांत उरलीसुरली नजर गेली, तरी बसायचा. मी अर्धवट टाकलेलं आंबिवलीचं काम त्याने हातात घेतलं होतं. सिग्नल गेला की प्रोग्राम फार वेळा फोन लावायचा आणि हँडसेट तापायचा. तो दोष त्याने शोधला, दुरुस्त केला आणि बाईंच्या माणसाबरोबर फ्लॉपी पाठवून आंबिवलीत चालू केला. हे सगळं ऐकून ऐकून.

"पन त्या यंत्राचा काय तरी बिगारलेला होता," ती म्हणाली. "एकच सबद बोलत रहाचा. तुझा आवाज. मग तो बंद करी, परत चालू करी. दिसातून पन्नास येला. मी म्हटला, त्याला कलव ना. तर बोलला, तो काम करतंय, त्याला कशाला तरास."

ती पुढे म्हणाली की आंबिवलीच्या केंद्राला शेवटी फोन मिळाला, मग गच्चीवरचा डबा काढून टाकला. बाईंनी त्याला सांगायला माणूस पाठवला होता. त्यानंतर एक महिनाभर तो यंत्रासमोर बसला, पण चालू करत नव्हता. मग त्याने ते एका अंध शाळेला देऊन टाकलं.

त्याला ठाण्यात कोर्टाजवळ एसटीडी बूथ मिळाला होता. मी तिथे गेलो. काचेच्या खोक्यात तो बसला होता, काळा चष्मा लावून, अंगाने जरा सुटलेला. मी नाव सांगितलं नाही, नुसतं "मी" म्हटलं. तो हसला. "बसा," म्हणाला, "कधी आलात?"

आधी वाटलं की तो गिऱ्हाइकांमुळे असं बोलतोय. पण गिऱ्हाईक नव्हतं. आठ वर्षांत त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी दोषाचं काढलं, मला जमलं नाही, वेळ मिळाला नाही असं काहीतरी. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "अहो, त्यात काय. मला सवय झाली होती." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी कल्याणला इंटरनेट मिळायला लागलं होतं. मी दोन्ही प्रोग्राम, तुकडे पाठवायचा आणि पडदा वाचायचा, आतल्या सगळ्या मजकुरासकट कुणालाही फुकट घेता येतील असे तिथे ठेवले. पहिल्या ओळीत आमची दोघांची नावं लिहिली, त्याचं आधी. सोबत लिहिलं की पडदा भराभर सरकला की एक दोष आहे, मला सापडलेला नाही. तीन आठवड्यांनी एका अनोळखी माणसाची मेल आली. तो कुठल्यातरी थंड देशातला विद्यार्थी होता, त्याच्या बहिणीला दिसत नव्हतं. त्याने दोष शोधला होता. पडदा वाचून होण्याआधीच तो बदलला तर माझा प्रोग्राम जुनीच ओळ धरून बसत होता. दोन ओळी बदलायच्या होत्या. त्याने नम्रपणे लिहिलं होतं की शोधायला एक दुपार लागली, उशिराबद्दल माफ करा.

मी त्या दोन ओळी घातल्या. प्रोग्राम चालवला आणि पडदा भराभर वर सरकवला. तो अडकला नाही. माझाच आवाज वाचत वाचत शेवटपर्यंत गेला.

मग ठाण्याला जाऊन त्याला ते सांगितलं. नवा कॉम्प्युटर आणून देतो म्हटलं, परत सुरू करू म्हटलं. त्याने दोष कुठे होता ते नीट समजून घेतलं, एक-दोन प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न बरोबर होते. थोडा वेळ त्याची बोटं टेबलावर हलत होती. मग म्हणाला, "चांगलं झालं. कुणाला तरी कामाला येईल." कॉम्प्युटर नको म्हणाला. सकाळी आठपासून बूथ असतो, वेळ नसतो.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ चिठ्ठी घेऊन आले. सांगलीला फोन लावायचा होता, आकडे त्यांना नीट वाचता येत नव्हते. त्यांनी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली, मग चष्मा बघून ओशाळले आणि माझ्याकडे वळले. मी एकेक आकडा वाचला. त्याने न चाचपता बटणं दाबली, रिसीव्हर कानाला लावून लाईन ऐकली, ठेवून दिला आणि म्हणाला, "पुण्याच्या पुढे लाईन खराब आहे. दहा मिनिटं थांबा, लागेल."

मी थोडा वेळ बसलो. मग माझ्यामुळे गिऱ्हाइकांना बसायला जागा होत नव्हती म्हणून उठलो.